न पाहिलेला बर्फ

गेल्या शुक्रवारी आम्ही एसी बंद केला. ओमानच्या किनाऱ्यावरच्या या सहममध्ये हिवाळा कॅलेंडर बघून येत नाही, असा येतो. नोव्हेंबर अर्धा उलटतो, पहाटे कुणीतरी झोपेत चादर ओढून घेतं, आणि सकाळी उठल्यावर रिमोट हातात घेऊन आम्ही एकमेकांकडे बघतो. मग ते यंत्र थांबतं आणि एप्रिलपासून कानात बसलेली घरघर एकदम नाहीशी होते. त्यानंतरचा तासभर मी काही काम करत नाही. खिडक्या उघडते आणि इतके महिने बंद राहिलेले आवाज आत येऊ देते. समुद्र आमच्या घरापासून चालत जाण्याइतका जवळ आहे हे मला दर वर्षी त्या सकाळी नव्याने कळतं. शेजारच्या बागेतल्या बकऱ्या, मासळीच्या पिकअपचा हॉर्न, खजुराच्या झावळ्यांची सळसळ, सगळं जिथल्या तिथे असतं.

गावी फोनवर सांगितलं की इकडे थंडी पडली, तर सगळे हसतात. ओमानात कसली आलीय थंडी, वाळवंटात राहता ना तुम्ही? मी आता समजावणं सोडून दिलंय. ज्याने मे महिन्यात इथे गाडीच्या स्टिअरिंगला हात लावलाय, त्यालाच डिसेंबरातली इथली सकाळ कळते. आकाश धुतल्यासारखं होतं, दूरचे डोंगर पश्चिमेला पुन्हा दिसायला लागतात, आणि किनाऱ्यावर माणसं येतात. उन्हाळाभर ती कुठे असतात कुणास ठाऊक. हिवाळ्यात ओहोटीच्या ओल्या वाळूवर ती सगळी पसरलेली दिसतात, लहान लहान, प्रत्येकाचं काहीतरी चाललेलं.

ती माणसं दिसली की मला नाना आठवतात, आणि नानांनी आमच्याकडे येऊन काढलेला बर्फ आठवतो.

नाना म्हणजे माझे वडील. कुडाळजवळच्या एका शाळेत त्यांनी उभा जन्म ड्रॉइंग शिकवलं. ते आमच्याकडे आले त्या वर्षी, दिवाळीनंतर, कोल्हापूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं की पडद्याचा मधला भाग खराब होत चालला आहे, उरलेलं थोडंफार टिकवता येईल, पण गेलेलं परत येणार नाही. कडेचं दिसत राहील, समोरचं जाईल. आई जाऊन काही वर्षं झाली होती. ते घरात एकटे. मी व्हिजिट व्हिसा काढला आणि त्यांना हिवाळ्यापुरतं सहमला आणलं. हवापालट होईल, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. ते एकटे बसून काय विचार करतील याची भीती.

मस्कत विमानतळावर ते बाहेर आले तेव्हा माझ्याकडे न बघता माझ्या खांद्याच्या बाजूला बघून हसले. मला वाटलं, ओळखलं नाही. पण त्यांनी ती युक्ती शोधून काढली होती. ज्याला बघायचं त्याच्या जरा बाजूला नजर ठेवायची, म्हणजे कडेच्या डोळ्याने तो दिसतो. सरळ बघितलं की तो नाहीसा. घरी पोचल्यावर माझ्या नवऱ्याने, शेखरने, वाकून नमस्कार केला आणि विचारलं, नाना, दिसतंय ना सगळं? नाना म्हणाले, "शेखरचे कान दिसतत. शेखर नाय." सगळे हसलो. मी पण हसले आणि मग स्वयंपाकघरात जाऊन उगाचच भांडी आवरत बसले.

त्यांच्या बॅगेत कपडे थोडे आणि सामान जास्त होतं. ब्रशची जुनी लाकडी पेटी, रंगाच्या ट्यूब, पांढऱ्या पोस्टर कलरची मोठी बाटली, आणि गुंडाळून आणलेले जाड कागद. डोळ्यांना ताण नको, असं डॉक्टर म्हणाले होते की नाही ते मला आठवेना. नाना मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीच जेवणाच्या टेबलाची खिडकीकडची बाजू अडवून बसले. ती जागा त्यांनी जाईपर्यंत सोडली नाही, आणि आम्ही उरलेल्या अर्ध्या टेबलावर दाटीवाटीने जेवलो.

इथे नानांच्या शिकवण्याविषयी सांगायला हवं. आमच्या भागातल्या कितीतरी पोरांनी त्यांच्या हाताखाली एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या ड्रॉइंग परीक्षा दिल्या. मीही दिल्या. नानांचा एक नियम होता, आणि तो आमच्याकडच्या बहुतेक ड्रॉइंग मास्तरांचा होता: चित्रात कागद दिसता कामा नये. पार्श्वभूमी रंगवायची, कोपरे भरायचे, ढगसुद्धा पांढऱ्या रंगाने काढायचे. परीक्षकाला पांढरं दिसलं की त्याला वाटतं पोराला वेळ पुरला नाही, आणि मार्क गेले. वेळ संपायच्या आधी नाना वर्गातून फिरत आणि कुणाच्या कागदावर कोरी जागा दिसली की पेन्सिलीच्या मागच्या टोकाने तिथे टकटक करत. मला अजूनही कुठे कोरी भिंत दिसली की ती टकटक ऐकू येते.

आणि अशा माणसाच्या हातात ते पुस्तक पडलं.

शेखर सोहारच्या बंदराकडे नोकरीला आहे, आणि तिथे डच लोक बरेच. त्यातलं एक जोडपं त्या वर्षी मुदत संपवून मायदेशी निघालं होतं. बाईंचं नाव योहाना. सामान आवरताना त्यांनी जी पुस्तकं वाटून टाकली त्यातलं एक भलंमोठं पुस्तक शेखर घेऊन आला, घरात चित्रकार आलाय म्हणून. आत नुसती हिवाळ्याची चित्रं. त्यांच्या देशातल्या जुन्या चित्रकारांनी शेकडो वर्षांपूर्वी शाईने आणि पाण्याच्या रंगांनी काढलेली, बरीचशी वहीच्या पानाएवढी लहान. गोठलेले कालवे, बोडकी झाडं, एखादी पवनचक्की, बर्फात अडकून तिरकी झालेली होडी. आणि जिकडे तिकडे माणसं. खाली पायाशी चिमटीभर जमीन आणि वर आकाशच आकाश.

पहिल्या दिवशी नानांनी ते पुस्तक नाकाजवळ धरलं, मग लांब धरलं, मग तिरकं धरलं. भिंगातून बघितलं. एकेक तुकडा दिसत होता, पण अख्खं चित्र काही हाती लागेना. शेवटी त्यांनी ते माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले, तू सांग. मग रोज संध्याकाळी क्लिनिकमधली नोकरी आटपून आले की मी त्यांना एक चित्र सांगायची. सोपं वाटलं होतं. पण नाना प्रश्न विचारत. क्षितिज कागदाच्या कितव्या भागावर आहे? झाडाची सावली आहे का? बर्फाचा रंग कोणता? मी सहज म्हणाले, पांढरा. ते म्हणाले, नीट बघ. मी नीट बघितलं आणि पांढरा कुठेच सापडला नाही. कुठे साईसारखा, कुठे करडा, एका चित्रात संध्याकाळ होती तर चक्क फिकट गुलाबी. आयुष्यात बर्फ म्हणून मी फक्त फ्रीजरमधला बघितलेला. पण पुस्तक मिटल्यावर मला गारठल्यासारखं वाटायचं आणि मी चहा टाकायची.

कधी कधी हे काम माझी मुलगी मुक्ता करायची. ती तेव्हा सहावीत होती, सोहारच्या भारतीय शाळेत. मैत्रिणींशी इंग्रजी, आमच्याशी अर्धं इंग्रजी, आणि मराठी बोलताना पायऱ्या उतरल्यासारखी थांबत थांबत. नानांची अट होती की चित्र सांगायचं ते मराठीतच. एकदा ती एका घसरून पडलेल्या माणसापाशी अडली. "आजोबा, हा माणूस पडलाय. आणि ही इज सो एम्बॅरस्ड." नाना म्हणाले, मराठीत. तिने बराच वेळ शोधलं. "तो लाजलाय. त्याची टोपी पळाली. आणि एक कुत्रा आहे, त्याला खूप मजा वाटतेय." नाना इतके खूष झाले की ते वाक्य त्यांनी शेखरला आल्या आल्या ऐकवलं. शेखर तोवर रोज दारातूनच विचारायला लागला होता, काय नाना, पडला का आज बर्फ?

कारण नानांनी जाहीर करून टाकलं होतं की ते असाच एक हिवाळा काढणार. कॉपी नाही, स्वतःचा. गोठलेला कालवा आणि त्याच्यावर माणसं.

मला ते पटलं नाही. मी त्यांना किनाऱ्यावर घेऊन गेले. ओहोटी होती. एका टोकाला मच्छीमारांनी जाळं लावलं होतं आणि ते ओढायला दोन पिकअप वाळूत उभ्या होत्या. पुढे छोटी मासळी वाळत पसरलेली, चांदीसारखी चमकणारी, आणि तिचा वास. पायघोळ पांढरे दिशदाशा घातलेले म्हातारे खुर्च्या टाकून बसलेले. ओल्या वाळूत फुटबॉल चाललेला. मी म्हटलं, नाना, हे तेच आहे. तीच सपाट जमीन, तेवढंच मोठं आकाश, तशीच इवली इवली माणसं. हे काढा. बर्फ कशाला हवा? खरं तर मला माझ्या या शोधाचा फार अभिमान वाटला होता.

नाना वाळूत काठी रोवून उभे राहिले. समुद्राकडे बघायचं म्हणून किनाऱ्याकडे बघत म्हणाले, "पोरांका जल्मभर सांगलंय, समोर दिसता तां काढा. आता माका समोरचा दिसणा नाय. मग जां कधीच बघूक नाय, तां काढून बघतंय. जमला तर डोळ्यांवाचून माझा अडणा नाय. नाय जमला तर ही पेटी शाळेक देऊन टाकतलंय."

आतापर्यंत मला वाटत होतं की म्हाताऱ्या माणसाचा विरंगुळा चाललाय. ती परीक्षा होती, आणि त्यांनी स्वतःसाठी मुद्दाम अवघड पेपर काढला होता. समुद्रकिनारा त्यांनी हजारदा बघितलेला, तो हाताला पाठ होता. तो जमला असता तरी काहीच सिद्ध झालं नसतं. बर्फ मात्र डोळ्याने कधी दिलेलाच नव्हता. तो डोक्यातून थेट हातात यायला हवा होता. आला तर पुढची वर्षं चित्रकाराची, नाही तर खिडकीशी बसून जेवणाची वाट बघणाऱ्याची. नाना दुसरं आयुष्य जगूच शकणार नाहीत, हे मला त्या वाळूत उभं असताना लख्ख कळलं.

त्यानंतर मी त्यांना एकदाही अडवलं नाही. आमच्या घरात हट्ट बापाकडून आलाय, तो मोडायचा कसा हे मला माहीत नाही.

पहिले काही कागद वाया गेले. म्हणजे नानांच्या दृष्टीने नाहीत, माझ्या. नाना त्यांच्या रीतीने काढत. अख्ख्या कागदावर आधी करड्या निळ्याचा पातळ हात, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, कुठे कागद दिसायला नको. ते वाळलं की वर पांढरा पोस्टर कलर, बर्फ म्हणून. हात अजून सुंदर चालत होता, झाडाच्या फांद्या एका ओढीत येत होत्या. पण बर्फ बघितला की चुना लावलेली भिंत आठवायची. नाना विचारत, कसा दिसतो बर्फ? मी क्लिनिकच्या लॅबमध्ये काम करते. रिपोर्ट असेल तसा द्यायचा, पेशंटचा चेहरा बघून बदलायचा नाही, ही सवय लागलेली. मी सांगितलं, चुन्यासारखा. त्यांनी पांढऱ्यात थोडा पिवळा घातला. जुना चुना झाला. थोडा निळा घातला. मग तर आमच्या कुडाळच्या घराच्या मागच्या पडवीची भिंतच समोर आली, निळीचा हात दिलेली. नाना चिडले. मला बर्फ कळत नाही म्हणाले. मी म्हटलं, तुम्हाला तरी कुठे कळतो?

तो राग घेऊनच मी पुस्तक उघडलं. त्यांचं भिंग घेतलं आणि एका चित्रातला कालवा कडेपासून कडेपर्यंत तपासला, लॅबमध्ये काच तपासते तसा. पांढरा रंग मिळाला नाही. दुसऱ्या चित्रात तपासला. तिथेही नाही. एखाद्या बाईच्या गळपट्टीवर पांढऱ्याचा एक कण होता, तेवढाच. बाकी सगळीकडे खाली नुसता कागद. आजूबाजूला काठ रंगवला होता, झाडं, माणसं, वर आकाशाचा पातळ हात दिला होता, आणि कालव्याच्या जागी काहीही केलं नव्हतं. कागद जुना होऊन तांबूस पडला होता, म्हणून बर्फ तांबूस. त्या लोकांनी बर्फ काढलाच नव्हता. सोडला होता.

मी हे नानांना सांगितलं तेव्हा त्यांनी मानलं नाही. आळशी असतील, म्हणाले. मग भिंग मागून घेतलं आणि मान तिरकी करून पानाच्या कडेकडेने बराच वेळ बघत राहिले. मग पुस्तक मिटलं, जेवले, आणि दिवसभर ब्रशला हात लावला नाही. संध्याकाळी मी चहा घेऊन गेले तेव्हा एकच वाक्य बोलले. "मग त्या पोरांका मी काय शिकवलंय गो?"

मी त्यांच्याजवळ बसून राहिले. किती पोरांच्या कोऱ्या जागांवर त्यांनी टकटक केली असेल. त्यांच्या त्या नियमाने ती पोरं पास झाली, काही जण पुढे गेली, कुणी साइनबोर्ड रंगवतो, कुणी आर्किटेक्ट झालाय. ते खोटं नव्हतं. पण या वयात, डोळे जात असताना, हाताची सगळ्यात जुनी सवय चुकीची निघावी हे मला फार अन्यायाचं वाटलं. माझा नानांपेक्षा त्या डच चित्रकारांवरच राग होता.

नाना मात्र सकाळी उठून पुन्हा टेबलाशी. पांढऱ्या रंगाची बाटली त्यांनी माझ्या हातात दिली आणि वर माळ्यावर टाकायला सांगितली, पुन्हा मागितली तरी देऊ नको म्हणून. आता नवीनच अडचण उभी राहिली. कोरं सोडायचं ठरवलं, पण सोडलेली जागा दिसायची कशी? पांढऱ्या कागदावर पांढरी जागा तर मलाही नीट दिसत नव्हती. ब्रश कालव्यात शिरायचा. हाताला इतक्या वर्षांची सवय, तो आपोआप भरत जायचा. अर्धा कालवा रंगला की नाना स्वतःलाच कडक शब्दांत झापायचे, अगदी वर्गात झापायचे तसे. मुक्ता त्या शिव्या शिकली. तिच्या मराठीत त्या वर्षी जी सुधारणा झाली ती मुख्यतः याच विषयातली.

आमचे घरमालक अबू सालिम रोज तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर, येऊन नानांजवळ बसत. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण हिंदीचा एक मोडका पूल होता. एके दिवशी त्यांनी चित्राकडे बोट करून विचारलं, "हाज़ा थल्ज?" हे बर्फ आहे का? नाना हो म्हणाले. अबू सालिम यांना अतिशय आनंद झाला. ते म्हणाले, "नाना, यल्ला, मेरा गाडी में जबल पे चलेगा. उदर सुबह में पानी के ऊपर बरफ आता." जबल शम्स या इथल्या सर्वांत उंच डोंगराच्या माथ्यावर हिवाळ्यात कधी कधी खरंच पाणी गोठतं. शेखर लगेच तयार झाला, सुट्टी बघूया म्हणाला. मुक्ता उड्या मारायला लागली. आणि नाना म्हणाले, नाही. आभारी आहे, पण मी येणार नाही.

अबू सालिम यांना वाटलं, प्रवासाचं म्हणून म्हणतायत. गादी घालू, रस्ता चांगला आहे, सगळं सांगून झालं. शेवटी नानांनी मला समजावून सांगायला लावलं. बर्फ बघितला तर परीक्षाच रद्द. मी माझ्या तुटक्या हिंदीत आणि चार अरबी शब्दांत ते कसं सांगितलं देव जाणे. अबू सालिम यांनी नानांचा हात हातात घेतला आणि म्हणाले की त्यांची आईसुद्धा शेवटी शेवटी आंधळी झाली होती आणि तरी खजुराच्या पानाच्या टोपल्या विणायची. दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिघं जबलवर गेलो. बर्फ मिळाला नाही, नुसता बोचरा वारा मिळाला. नाना घरी टेबलाशी बसून होते.

योहाना निघण्याआधी एकदा चहाला आल्या. नानांनी चित्रं दाखवायला साफ नकार दिला, पण प्रश्न मात्र पुष्कळ विचारले. बर्फावर चालताना आवाज कसा येतो? बर्फाखालचं पाणी दिसतं का? बाई जरा ओशाळल्या. त्या म्हणाल्या, आता आमच्याकडे कालवे क्वचितच गोठतात, एखाद्या वर्षी गोठले तर अख्खा देश वेडा होतो. त्यांच्या लहानपणीचे दोन-तीन हिवाळे आठवतात, बाकी तो हिवाळा त्याही चित्रांतच बघतात. आणि ते चित्रकार तरी बाहेर कुठे बसत होते, बोटं गारठली असती. बाहेर घाईघाईने पेन्सिलीने टिपून आणायचं आणि घरात शेकोटीजवळ बसून आठवून रंगवायचं. मी हे मालवणीत सांगितल्यावर नानांची मान ताठ झाली. म्हणजे समोर बघून कुणीच काढत नव्हतं. पुढचे काही दिवस ते घरात असे वावरत होते की जणू त्या सगळ्यांशी त्यांची जुनी ओळख आहे.

मला वाटतं, हिवाळा हा तसा कमी करण्याचाच ऋतू असावा. झाडावरची पानं कमी, रस्त्यावरचा आवाज कमी, रंग कमी. आमच्या इथेही एसी थांबतो, धूळ बसते, ऊन मवाळ होतं. पाण्याच्या रंगांनाही इथे हाच ऋतू मानवतो. उन्हाळ्यात ब्रश पाण्यातून कागदापर्यंत नेईस्तोवर सुकतो, आणि पावसाळ्यात गावी दिलेला हात दुपारपर्यंत ओला. इथल्या जानेवारीत मात्र ओल पाहिजे तेवढी टिकते आणि पाहिजे तेव्हा जाते. नाना म्हणायचे की अशी हवा त्यांना नोकरीत मिळाली असती तर त्यांनी वेगळीच चित्रं काढली असती. मी त्यांच्या बोलण्यात दुःख शोधत असे. ते नसायचं. ते फक्त हवेविषयी बोलत असत.

कोरी जागा ठेवण्याचा उपाय त्यांना असाच एका सकाळी सुचला. मी क्लिनिकला निघाले होते, तर बेसिनपाशी नाना पूजेला बसण्याआधी धुवावेत तसे हात धूत उभे. साबण लावून, कोपरापर्यंत. पुसून, वाळवून ते टेबलाशी आले आणि डावा पंजा त्यांनी कागदावर आडवा ठेवला, मधोमध, बोटं जुळवून. हाताला तेल असेल तर कागद रंग घेत नाही, म्हणून ते धुणं. मग उजव्या हातात ब्रश घेऊन त्यांनी पंजाच्या वर आकाश दिलं आणि पंजाच्या खाली अलीकडचा काठ. ब्रश डाव्या बोटांना लागला की थांबायचं. डोळ्यांनी जे कळत नव्हतं ते कातडीला कळत होतं. पंजा उचलला तेव्हा खाली कालवा होता. रुंद, कोरा, एका बाजूला जरा वळलेला, अंगठ्याच्या जागी काठात शिरलेला. मला क्लिनिकला उशीर झाला, पण मी हललेच नाही.

त्यानंतर त्यांनी तसाच बराच सराव केला. डाव्या हाताच्या कडेवर कायम करडा निळा डाग असे, तो जेवतानाही जायचा नाही. फेब्रुवारी आला. व्हिसा संपत आला होता, किनाऱ्यावरचं ऊन पुन्हा टोचायला लागलं होतं. नानांनी एका शुक्रवारी सकाळी सांगितलं की आज शेवटचा, हा बघून ठरवायचं. कुणीही जवळ यायचं नाही. शेखर मुक्ताला घेऊन समुद्रावर गेला. मी स्वयंपाकघरात बसले आणि डाळ दोनदा धुतली.

आधी आकाश झालं असावं, मग काठ, मग झाडं. मग बराच वेळ काही ऐकू आलं नाही. माणसं घालत असणार. माणसं म्हणजे ब्रशचं टोक एकदाच टेकवायचं, त्याला खाली दोन रेघा. डावी करंगळी बर्फाच्या कडेला ठेवून तिथून अंदाज घ्यायचा. एक चुकलं तर पुसायची सोय नाही. मला माझ्या स्वतःच्या कुठल्याच परीक्षेत इतकं घाबरल्याचं आठवत नाही. त्यांना जमू दे, एवढंच मी मनात म्हणत होते, आणि नाही जमलं तर खोटं बोलायचं की नाही ते ठरवू शकत नव्हते.

त्यांनी हाक मारली. मी हात पुसून गेले. नाना खुर्चीत मागे टेकून बसले होते, चित्राकडे बघत नव्हते, तोंड खिडकीकडे. म्हणाले, "काय दिसता तां सांग. चेडू म्हणान नको. परीक्षक म्हणान सांग."

मी लेक असणं बाजूला ठेवून बघितलं. खालचा काठ तपकिरी, त्यात सुकलेलं गवत. डावीकडे दोन झाडं, एक दुसऱ्यावर किंचित झुकलेलं. आकाश वरून गडद आणि खाली येता येता इतकं पातळ की ते कुठे संपलं कळत नव्हतं. मधे तो कालवा, नुसता कागद, आणि तो थंड होता. त्याच्यावर पाय ठेवला तर घसरेन असं मला वाटलं. एक माणूस वाकलेला, दोघं हात धरून, एक बाई पाठमोरी, एक मूल. आणि पलीकडच्या काठाच्या बऱ्याच वर, पार ढगात, एकटाच एक माणूस, पाय फाकून, अगदी तोऱ्यात चाललेला.

मी पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत तपासलं. नाना थांबून राहिले.

"एक माणूस आकाशात गेलो, नाना," मी म्हटलं.

त्यांच्या डाव्या हाताची बोटं टेबलावर जुळवून ठेवलेली होती, ती तशीच राहिली. खाली रस्त्यावरून मासळीची गाडी हॉर्न वाजवत गेली.

"आणि बाकीचे?"

"बाकीचे सगळे बर्फार असत."

नानांनी खुर्ची पुढे ओढली.

"मग दुसरो कागद दी."